मोकाट कुत्री आणि मुलांसोबतचा फेरफटका : किती अंतरावर काय करायचं

कुत्रा अंगावर आला तर काय करायचं, हा प्रश्न बहुतेकांना कुत्रा दोन पावलांवर येऊन ठेपल्यावर पडतो. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तोच कुत्रा पन्नास पावलांवर असताना रस्ता बदलता येतो, मुलाचा हात धरता येतो, छत्री पुढे घेता येते, क्षणभर थांबून त्याचा रागरंग बघता येतो. म्हणून इथे सगळं अंतराच्या हिशेबाने मांडलं आहे : आधी घरातली तयारी, मग लांबून दिसलेला कुत्रा, मग जवळ आलेला, अंगावर आलेला आणि शेवटी चावलेला. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी चाव्यानंतरचा भाग तरी आजच वाचावा.

रस्त्यावरची बहुतेक कुत्री माणसाच्या वाटेला जात नाहीत. झोपतात, हुंगतात, आपापल्या उद्योगाला लागतात. त्रास होतो तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी आणि बऱ्याचदा आपल्याच एखाद्या हालचालीमुळे. मुलांच्या बाबतीत ही हालचाल म्हणजे पळणं आणि किंचाळणं. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, त्यामुळे मोठ्यांना हातापायाला चावे बसतात तिथे लहानग्यांना ते चेहरा, डोकं आणि मानेवर बसतात. तयारी मुलांपासून सुरू करायची ती यासाठी.

बाहेर पडण्याआधी

नव्या वस्तीत आल्यावर पहिल्या आठवड्यात नेहमीचा रस्ता मुलांना न घेता तीनदा चालून या : एकदा पहाटे, एकदा दुपारी, एकदा रात्री. एकाच गल्लीत या तीन वेळांना वेगवेगळी कुत्री आणि वेगवेगळा स्वभाव दिसतो. दुपारी उभ्या गाडीखाली मेल्यासारखा झोपलेला कुत्रा रात्री रहदारी थांबली की अख्खा रस्ता आपला समजतो. फिरताना पुढच्या जागा टिपून ठेवा : कचरा साठतो ते कोपरे, कुणीतरी रोज कुत्र्यांना खायला घालतं ती जागा आणि त्याची वेळ, अर्धवट बांधकामं, कायम उघडं राहणारं फाटक, आणि पलीकडचं काहीच दिसत नाही अशी वळणं. शेवटची जागा सगळ्यात वाईट, कारण तिथे अंतरच मिळत नाही. अशा वळणावर भिंतीला चिकटून न जाता बाहेरच्या बाजूने, म्हणजे मोठा वळसा घेऊन जायचं. रहदारी असेल तर अर्थातच गाडीचा धोका कुत्र्याहून मोठा.

पिल्लं घातलेली कुत्री दिसली तर त्या गल्लीला सुमारे दोन महिने रजा द्या. पिल्लं सहा ते आठ आठवड्यांत आईच्या दुधावरून सुटतात; तोवर ती आई कुणाला कधी धोका समजेल याचा नेम नसतो. एरवी तुमच्या पायाशी लोळणारी कुत्रीही या काळात वेगळी वागते. मुलं नेमकी पिल्लांकडेच धावतात, म्हणून हा नियम घरात स्पष्ट सांगून ठेवावा. माजावर आलेल्या मादीमागे नरांचं टोळकं फिरत असेल तेव्हाही तीच काळजी. ती कुत्री आधीच एकमेकांवर तापलेली असतात आणि मध्ये आलेला माणूस भरडला जातो.

सोबत काय घ्यायचं? एकच वस्तू निवडायची झाली तर छत्री, आणि तीही बटण दाबताच उघडणारी लांब दांड्याची. उघडली की ती अचानक मोठी होते, कुत्रा बिचकतो, आणि तुमच्या व त्याच्यामध्ये एक आडोसा तयार होतो. मूल त्या आडोशामागे मावतं. घरातल्या कुत्र्याभोवती किंवा बाळाजवळ ती आधी दोनचारदा उघडून बघा, नाहीतर ऐनवेळी तुमचंच मूल दचकून पळायचं.

काठी चालते, पण ती मारण्यासाठी नाही. साधारण मीटरभर लांबीची काठी टोक जमिनीकडे ठेवून समोर तिरकी धरली की कुत्र्याला ओलांडायला एक रेघ मिळते. डोक्यावर उगारलेली काठी मात्र हल्ल्याची खूण ठरते. काही कुत्री त्याने पळतात, काही चवताळतात, आणि तुमच्या समोरचा यांतला कोणता हे तुम्हाला ठाऊक नसतं. कानठळ्या बसवणारा लहान हवेचा भोंगा रात्री एकट्या चालणाऱ्यांना उपयोगी; बाळ कडेवर असताना नको. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडणारी जी यंत्रं विकली जातात त्यांच्या भरवशावर राहू नका. काही कुत्री थबकतात, काहींना त्याचं सोयरसुतक नसतं. तिखट फवाऱ्याचं मुख्य अडचणीचं कारण वारा : तो उलटा असला तर फवारा बाबागाडीतल्या बाळाच्या डोळ्यांत जातो. शिवाय तो बाळगायला सगळीकडे कायद्याची परवानगी नसते.

कपड्यांत फार काही करायचं नाही. पायभर विजार आणि बंद बूट एवढ्याने पोटरीवरचा ओरखडा बऱ्याचदा टळतो. मोठ्यांनी दोन्ही कानांत गाणी लावून चालू नये; मागून येणारी नखांची टकटक ऐकू यायला हवी. आणि मुलाच्या हातात खाऊ देऊन कुत्र्यांच्या भागातून नेऊ नका. खाली लोंबणाऱ्या हातातला खाऊ कुत्र्याच्या नाकासमोरून जातो, कुत्रा खाऊ घ्यायला तोंड घालतो, मूल हात वर झटकतं, कुत्रा उडी मारतो. यात कुत्र्याच्या मनात राग कुठेच नसतो, पण दात लागतातच. पिशवीतून खाऊचा वास येत असेल तर तीही वर, खांद्याला.

मुलांना शिकवायच्या दोन गोष्टी : झाड आणि दगड

‘घाबरू नकोस’ ही मुलाला दिलेली सूचना निरुपयोगी आहे. भीती सांगून थांबत नाही. शरीराने काय करायचं ते शिकवता येतं. तीन-चार वर्षांपासून पुढची मुलं हे खेळ म्हणून सहज शिकतात.

झाड : मोकळा कुत्रा जवळ येत असेल तर

१. जिथे आहेस तिथेच थांब. 
२. फांद्या मिट, म्हणजे दोन्ही हात खाली आणून पोटापाशी बोटांत बोटं गुंफ.
३. मुळं बघ, म्हणजे नजर आपल्या पायांकडे.
४. मनातल्या मनात दहापर्यंत मोज, पुन्हा मोज, कुत्रा जाईपर्यंत किंवा मोठं माणूस येईपर्यंत मोजत राहा.

प्रत्येक पायरीमागे कारण आहे आणि थोड्या मोठ्या मुलांना ते सांगावं. पळणारी वस्तू पाठलागाची असते, उभं खोड कंटाळवाणं असतं. हलणारी बोटं धरावीशी वाटतात. डोळ्याला डोळा भिडवणं हे कुत्र्यांच्या जगात आव्हान आहे. आणि मोजणं हे कुत्र्यासाठी नाही, मुलासाठी आहे. तोंड बंद आणि डोकं कामात राहतं. कुत्रा जवळ येऊन हुंगेल, क्वचित चाटेलही, हे आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यास ओलं नाक हाताला लागताच झाड पळत सुटतं.

दगड : कुत्र्याने पाडलं तर किंवा मूल आधीच पडलेलं असेल तर

गुडघे पोटाशी, कपाळ गुडघ्यांकडे, हातांची बोटं मानेमागे गुंफायची आणि कोपरांनी-मनगटांनी कान झाकायचे. तोंड जमिनीकडे. ओरडायचं नाही. यात मान, चेहरा आणि पोट झाकलं जातं. पाठीला किंवा हाताला इजा होऊ शकते, पण ती त्यामानाने हलकी.

सराव रोज दोन मिनिटं, आठवडाभर. घरातलं मोठं माणूस कुत्रा होतं, मूल झाड होतं. पहिल्या दिवशी कुत्रा लांबून जातो आणि मूल पाच सेकंद थांबतं. मग कुत्रा जवळून जातो, मग भुंकतो, मग हुंगतो. वेळ तीस सेकंदांपर्यंत वाढवा. एकच शब्द ठरवा, ‘झाड!’, आणि तो रस्त्यावर तसाच वापरा. ‘अरे थांब, पळू नको, इकडे ये’ अशा तीन सूचना एका दमात दिल्या की मूल त्यांतली शेवटची ऐकतं आणि तुमच्याकडे पळत येतं, म्हणजे नेमकं नको ते. पहिल्या आठवड्यानंतर महिन्यातून एकदा उजळणी पुरे.

या दोन खेळांसोबत चार साधे नियम : झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लांजवळच्या आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. ओळखीचा असला तरी नाही.

लांबून दिसला : पन्नास ते वीस पावलं

इथे घाई नाही, म्हणून कुत्र्याकडे नीट बघून घ्या. मात्र टक लावून नको. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश, हा समज मनातून काढून टाकावा. शेपूट हलणं म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, एवढंच. कमरेसकट सगळं अंग लुसलुशीत हलत असेल, तोंड सैल उघडं असेल, कुत्रा सरळ रेषेत न येता वळण घेत येत असेल तर त्याचा हेतू बहुधा चौकशीचा. शेपूट उंच, ताठ आणि टोकाशी थरथरल्यासारखी हलत असेल, अंग पुढे झुकलेलं आणि घट्ट, तोंड मिटलेलं, मानेपासून पाठीवरचे केस उभे असतील तर थांबा. डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यात दिसणं, वारंवार ओठ चाटणं, मान वळवून घेणं या अस्वस्थतेच्या खुणा आहेत. अशा कुत्र्याला कोपऱ्यात गाठलं तर तो भीतीपोटी चावतो. सगळ्यात गंभीर खूण म्हणजे हलता-हलता एकदम गोठणं. बरेच चावे या गोठण्याच्या पाठोपाठ येतात.

भुंकणारं कुत्रं चावत नाही, असं आपण म्हणतो. यात अर्धं तथ्य आहे. फाटकाजवळून वसवसून धावत येणारा, चार-पाच हातांवर थांबून भुंकणारा आणि तुम्ही पुढे गेलात की मागे वळणारा कुत्रा आपली हद्द राखत असतो. त्याला तुम्ही निघून जायला हवे असता. पण हाच कुत्रा तुम्ही पाठ फिरवून पळालात तर पोटरीला धरतो. आणि जो आवाज न करता, मान खाली घालून, नजर रोखून सरळ येतो, त्याच्याकडे भुंकणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं.

ही माहिती हाती आली की निर्णय सोपा असतो. कुत्रा निवांत असेल तर मोठा वळसा घेऊन, त्याच वेगाने पुढे जा. झोपलेल्या कुत्र्यापासून निदान तीन मीटर लांबून, आणि त्याला तुमची चाहूल लागेल अशा बेताने बोलत बोलत. दचकून उठलेला कुत्रा आधी चावतो आणि मग बघतो. कुत्रा ताठ असेल, टोळकं असेल किंवा पिल्लं असतील तर मागे फिरा. चार पावलं जास्त चालायला लागली तर बिघडलं काय? याच टप्प्यावर पायी चालणारं मूल कुत्र्याच्या उलट बाजूला घ्या, हात धरा आणि दोन-तीन वर्षांचं असेल तर सावकाश उचलून घ्या. उचलायचं ते इथेच. कुत्रा पायाशी आल्यावर मूल झटक्यात वर उचलणं म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर खेळणं उंचावण्यासारखं आहे. लोंबणाऱ्या पावलांवर उडी येते.

लटपटत चालणारा, तोंडातून लाळ गळणारा, खालचा जबडा लोंबलेला, काठी-दगड-गाड्यांचे टायर असं दिसेल ते चावत सुटलेला किंवा घोगऱ्या बदललेल्या आवाजात भुंकणारा कुत्रा पिसाळलेला असू शकतो. त्याच्यासाठी झाड, छत्री वगैरे काही नाही. जवळचं दार गाठा, आत जा, दार लावा आणि स्थानिक प्रशासनाला कळवा. रेबीज झालेला कुत्रा दर वेळी असा चवताळलेलाच असतो असंही नाही. काही सुस्त, गरीब दिसतात, अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतात. अनोळखी कुत्रा आजारी दिसला म्हणून मुलांनी त्याला कुरवाळायला जाऊ नये, ते याकरता.

जवळ आला : दहा पावलांच्या आत

साधारण आकाराचा निरोगी कुत्राही ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सहज धावतो. तुम्ही मूल घेऊन त्याला हरवू शकत नाही, म्हणून पळण्याचा विचार सोडा आणि हे क्रमाने करा.

१. थांबा. मुलाला ‘झाड’ म्हणा आणि स्वतःच्या मागे घ्या. त्याने तुमच्या कपड्याला मागून धरलं तर तुमचे हात मोकळे राहतात.
२. कुत्र्याला पाठ दाखवू नका, छातीही नको. अंग तिरकं करा, नजर त्याच्या पायांच्या आसपास ठेवा.
३. छत्री, पिशवी, सायकल, जे असेल ते मध्ये आणा.
४. ठाम, खालच्या पट्टीतल्या आवाजात एक शब्द म्हणा : ‘जा’ किंवा ‘घरी जा’. एकदा, दोनदा. चढा, कापरा आवाज कुत्र्याला आणखी चेतवतो.
५. कुत्रा थांबला किंवा त्याने मान वळवली की एक-एक पाऊल तिरकं मागे सरका. तो पुढे आला की पुन्हा थांबा. वळण, फाटक किंवा गाडीचा आडोसा मिळेपर्यंत हेच.

यात सगळ्यात जास्त चुका पाचव्या पायरीला होतात. कुत्रा शांत झाला असं वाटताच माणूस वळतो आणि झपझप चालू लागतो, आणि कुत्रा पुन्हा मागे येतो. हद्द राखणारा कुत्रा तुम्हाला आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत पोहोचवायला येणारच. येऊ द्या. तो नजरेआड होईपर्यंत तिरकंच चाला.

खाली वाकून दगड उचलण्याचा आव आणला की ज्या कुत्र्यांनी दगड खाल्लेले आहेत ती बहुधा मागे हटतात. ही युक्ती लांबून, मोठ्यांनी, एकदा करून बघावी. घरात वाढलेल्या कुत्र्याला तिचा अर्थ कळत नाही, आणि कुत्रा जवळ असताना वाकलात तर तुमचा चेहरा त्याच्या तोंडासमोर येतो. खरोखर दगड मारू नका. नेम चुकतो, टोळकं बिथरतं, आणि मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी त्याच रस्त्यावर तुमच्या मुलाचा हिशेब चुकता करतो.

बाबागाडी असेल तर तिचा ब्रेक लावा आणि तुम्ही तिच्या व कुत्र्याच्या मध्ये उभे राहा. गाडी ढाल म्हणून पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण ढालीत बाळ बसलेलं आहे. बाळ छातीशी बांधलेलं असेल तर अंग तिरकं करून हात त्याच्या पायांवरून गुंडाळा.

सायकलवाल्यांनी खाली उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालत जावं. फिरणारी चाकं थांबली की बऱ्याच कुत्र्यांचा उत्साह तिथेच मावळतो. लाथ मारायला पाय काढला की तोल जातो, आणि कुत्र्यापेक्षा पडण्याने जास्त लागतं. धावणाऱ्यांनी धावणं थांबवून चालायला लागावं. कुत्र्यांची जागा ओलांडून तीस-चाळीस पावलं गेल्यावर पुन्हा धावावं.

टोळकं असेल तर एकच जास्तीची गोष्ट : पाठ मोकळी ठेवू नका. भिंत, कुंपण किंवा उभी गाडी पाठीशी घ्या, मुलाला तिच्या आणि तुमच्या मध्ये. टोळक्यात पुढाकार घेणारी एक-दोनच असतात. ती हटली की बाकीची पांगतात. खाद्य टाकून लक्ष वळवणं एकट्या कुत्र्यासाठी ठीक आहे, तेही लांब आणि पसरून टाकलं तर. टोळक्यात त्याच खाद्यावरून मारामारी जुंपते आणि ती तुमच्या पायाशी जुंपते.

मालकासोबतचा मोकळा कुत्रा हे वेगळंच प्रकरण. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य मालक मनापासून म्हणतो, आणि त्याच्याशी तो खरंच काही करत नसतो. तुमच्या मुलाशी कसा वागेल हे त्यालाही माहीत नाही. वाद घालू नका, लांबूनच हात वर करून सांगा : ‘कुत्र्याला पट्टा लावा, मूल आहे.’ मालक भिडस्त असो वा उद्धट, मूल मध्ये आलं की पट्टा लागतो. न लागला तर तुम्ही बाजूला व्हा, तंटा नंतर.

तुमचा स्वतःचा कुत्रा सोबत असेल आणि मूलही, तर तुमच्याकडे एक हात कमी आहे. समोरून मोकळा कुत्रा आला की पट्टा ताणू नका. ताणलेल्या पट्ट्यामुळे तुमच्या कुत्र्याची मान आणि छाती वर येते आणि समोरच्याला ते भांडणाचं आमंत्रण वाटतं. कमान काढून वळा आणि निघा. आणि पट्टा मुलाच्या हातात कधीच नको. दोन कुत्री भिडली की पट्टा धरलेलं मूल त्या गुंत्यात ओढलं जातं.

अंगावर आला

आता हेतू एकच : त्याच्या दातांत तुमच्याऐवजी दुसरं काहीतरी जावं. पिशवी, जाकीट, बूट, छत्री पुढे करा आणि त्याने धरलं की सोडून द्या. वस्तू परत ओढत बसू नका, तेवढ्या वेळात मागे सरका. जाकीट असेल तर पुढच्या हाताला गुंडाळा. पायांवर उभं राहणं हे पहिलं काम. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून. पडलात तर दगड व्हा, आणि मूल सोबत असेल तर त्याला खाली घेऊन त्याच्यावर दगड व्हा. इथे मात्र मोठ्यांनी मदतीसाठी ओरडायचं. लोक आले की प्रसंग बहुधा मिटतो.

कुत्र्याने मुलाला धरलं असेल तर मुलाला ओढू नका. प्रत्येक आई-बाप तेच करतो आणि त्याने जखम फाटते. एका हाताने मूल कुत्र्याच्या दिशेने स्थिर धरा, आणि कुत्र्याला सोडायला लावा. त्याच्या डोक्यावर जाकीट किंवा चादर टाका, तोंडावर पाण्याचा जोरदार मारा करा. गळ्यात पट्टा असेल तर तो मागून धरून वर उचला आणि पिळा. श्वास अडला की जबडा सुटतो. जबडा सुटला की मूल दुसऱ्याच्या हाती द्या आणि मगच पट्टा सोडायचं बघा.

चावला, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं : पहिली पंधरा मिनिटं

रेबीजची लक्षणं दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण लक्षणांआधी, वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो, आणि त्या उपचारांतला पहिला तुमच्या घरातल्या नळावर होतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, म्हणून कुत्र्याचा चावा ‘एवढासा’ कधीच नसतो.

रक्ताची धार लागली असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून ती थांबवा. नसेल तर लगेच जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मुलं रडतात, पालकांचं मन दोन मिनिटांत विरघळतं आणि धुणं तिथेच संपतं, हे नेहमीचं. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरायच्या आत वाहून जावा, म्हणून एवढा वेळ. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक. तेल, चुना, कसलीही पूड किंवा लेप काही नको. घट्ट पट्टी नको. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवा.

मग त्याच दिवशी दवाखाना. डॉक्टर जखमेचे तीन वर्ग करतात :

पहिला : धड त्वचेला नुसता स्पर्श किंवा चाटणं. लस लागत नाही.

दुसरा : उघड्या त्वचेवर दातांचं कुरतडणं, रक्त न आलेला किरकोळ ओरखडा. लस लागते.

तिसरा : त्वचा भेदणारा चावा किंवा ओरखडा, फुटलेल्या त्वचेवर चाटणं, डोळ्या-तोंडात लाळ. लस लागतेच, शिवाय रेबीज इम्युनोग्लोब्युलिन किंवा तशीच तयार प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) जखमेत आणि जखमेभोवती टोचावी लागतात.

तिसऱ्या वर्गातली ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण त्याला काही दिवस लागतात. तो मधला काळ इम्युनोग्लोब्युलिन सांभाळतं. ते एकदाच, शक्यतो पहिल्या दिवशी, आणि उशिरात उशिरा पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत. जखम खोल असेल तर डॉक्टरांना ते स्वतः विचारा. चेहरा, डोकं आणि मानेचा चावा मेंदूच्या जवळचा, म्हणून तिथे एका दिवसाचीही चालढकल नको.

पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना गेला. आता लस मोठ्यांना दंडात आणि लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, कुल्ल्यात देत नाहीत. पहिली लस घेतली तो शून्यावा दिवस. पुढच्या मात्रा ३ऱ्या आणि ७व्या दिवशी आणि बहुतेक पद्धतींत त्यानंतरही लागतात. नेमकं वेळापत्रक पद्धतीप्रमाणे बदलतं, म्हणून कागदावर तारखा लिहून घ्या. मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी जा आणि तिथून पुढे चालू ठेवा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. ‘एक राहिली, आता काय उपयोग’ म्हणून सोडून देणारे लोक असतात, ते सगळ्यात धोकादायक. धनुर्वाताची लस आणि, विशेषतः हाताच्या चाव्यासाठी, प्रतिजैविकं लागतील का तेही तेव्हाच विचारावं. हाताच्या जखमा लवकर चिघळतात.

कुत्रा सापडत असेल आणि निरोगी दिसत असेल तर चाव्याच्या दिवसापासून १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि उरलेल्या मात्रा थांबवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात. पण दहा दिवस वाट बघून मग लस, असं कधीही नाही. लस आधी सुरू, पाहणी तिच्या जोडीने. कुत्र्याला मारून टाकलं की ही पाहणीच संपते.

मुलं चावा लपवतात. ओरडा बसेल, बाहेर जाणं बंद होईल, या भीतीने. म्हणून मोकाट कुत्र्यांच्या भागात खेळून आलेल्या मुलाचे हातपाय बघायची सवय ठेवा आणि ‘कुत्र्याने काही केलं तर सांग, रागावणार नाही’ हे वाक्य आधीच बोलून ठेवा, आणि पाळा. कुत्र्यांचा वावर खूप असलेल्या ठिकाणी मुलांना चाव्याआधीच रेबीजची लस देता येते, बालरोगतज्ज्ञांना विचारा. ती घेतलेल्या मुलाला चावा बसला तरी दोन मात्रा पुन्हा घ्याव्याच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही.

तक्रार करताना

तोंडी तक्रार हवेत विरते. लेखी द्या आणि त्यात एवढं हवं : तारीख, वेळ, नेमकी जागा, कुत्र्याचा रंग आणि ठळक खूण, गळ्यात पट्टा होता का, कानाला कापल्याची खाच आहे का (बऱ्याच ठिकाणी नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण असते), जवळ पिल्लं किंवा खाद्य होतं का, आणि दवाखान्याच्या कागदाची प्रत. पाळीव कुत्रा असेल तर मालकाकडून लसीकरणाच्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी घ्या. मागणी काय करायची हेही ठरवून जा. ‘कुत्री उचलून न्या’ म्हटलं की रिकाम्या जागेत बाहेरची, लस न झालेली कुत्री येऊन बसतात. लसीकरण, नसबंदी आणि तो कचऱ्याचा कोपरा रोज साफ होणं, या तीन मागण्या जास्त टिकतात. एखाद्या भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. तेव्हा आपल्या गल्लीत किती कुत्री आहेत आणि त्यांतल्या कितींना लस झाली आहे, हा आकडा विचारा.

चावा बसलेलं मूल काही आठवडे त्या रस्त्याला जायला नाही म्हणेल. ओढत नेऊ नका आणि कायमचा वळसाही घेऊ नका. आधी रस्त्याच्या पलीकडून, पट्टा लावलेला एखादा शांत कुत्रा लांबून बघायचा, एवढंच. दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. किती जवळ, हे मुलाने सांगायचं.